बरं वाटतंय म्हणून

लाँड्रीतल्या दोघी जावा गिऱ्हाइकांना सख्ख्या बहिणीच वाटत. थोरली इस्त्री करी, धाकटी घड्या घाली. धाकटीला सातवा लागला आणि मोठ्या हॉस्पिटलात तिचं बीपी वाढलेलं निघालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला दाखवून जायला सांगितलं.

पण तिथली रांग म्हणजे अख्खा दिवस. दोन खेपांतच धाकटी कंटाळली. थोरलीची दोन्ही बाळंतपणं हसतखेळत झालेली. ती म्हणाली, आपला कोपऱ्यावरचा दवाखाना काय वाईट आहे? दोघी तिथे गेल्या, तर बीपीचं मशीन दुरुस्तीला गेलं होतं. काही त्रास होतो का, असं तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. धाकटी नाही म्हणाली. गोळ्यांचा विषय दोघींनीही काढला नाही. त्या संपल्या, तेव्हा थोरलीनेच निकाल दिला.

"बरं वाटतंय ना तुला? मग पोटातल्या जिवाला कशाला औषधं!"

पुढे पाय सुजले. ते तर सगळ्यांचेच सुजतात, म्हणून सोडून दिलं. मग एका दुपारी चादरीची घडी घालताना धाकटीचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. थोरलीने तिला आडवं केलं, चहा टाकला. चहा उकळायच्या आत धाकटीला झटके आले.

मोठ्या हॉस्पिटलात धाकटी वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

तिला काही होतच नव्हतं हो, असं थोरली डॉक्टरीणबाईंना पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"बीपी दुखत नाही, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर मोजावं लागतं. त्या दवाखान्यात गोळ्यांचं नुसतं बोलला असतात, तरी त्यांनी हिला इकडे धाडलं असतं."

दोन दिवसांनी धाकटीला दूध आलं. तिचा भिजलेला ब्लाउज बदलताना थोरलीचे हात थांबले.

"माझ्यामुळे झालं गं."

"मलाही रांग नकोच होती, ताई," धाकटी एवढंच बोलली.

बाळंतपणानंतरही तिचं बीपी उतरेना. आता रांगेत थोरली आधी जाऊन बसते. साध्या खोकल्यासाठी दुसऱ्या दवाखान्यात गेल्या, तरी कोणी विचारण्याआधी धाकटीचं बीपी आणि चालू गोळ्या सांगून मोकळी होते. लाँड्रीत पोटुशी बाई आली, की कपडे घेण्याआधी तिला बीपी कधी मोजलं ते विचारते. काहीजणी हसतात. हसोत बापड्या!

वाचकहो, पोटुशीचं बीपी अंदाजाने कळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवायच्या नसतात. आणि दवाखाना बदलला, म्हणून दुखणं बदलत नाही. हे शिकायला त्या घराला एक लेक गमवावी लागली. आपण तरी नुसतं ऐकून शहाणं व्हावं.