जयतीबाईंच्या मेकअपची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी मेकअपची पेटी आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. माझं अंग अस्सल ॲल्युमिनियमचं आहे, झाकणाच्या आत आरसा आहे आणि माझे तिन्ही कप्पे आजही कुरकुर न करता उघडतात. मी दुबईत अल बर्शाला, रफिक मुकादमांच्या फ्लॅटमध्ये कपाटावर राहते. माझी मालकीण म्हणजे रफिकची आई, बिलकीस. पण लोक मला ओळखतात ते दुसऱ्याच बाईच्या नावानं. जयती सान्याल हे नाव तुमच्या आईबाबांना विचारून बघा.

माझा जन्म मुंबईत, दोन टाकीजवळच्या एका पत्र्याच्या दुकानात झाला. बिलकीस तेव्हा रत्नागिरीहून नुकतीच आली होती. त्या काळी फिल्म लाइनमध्ये बायकांना मेकअपचं युनियन कार्ड मिळत नसे. त्यामुळे कागदावर ती हेअरड्रेसर होती आणि मी केसांच्या पिनांची पेटी! आमचं खरं काम बंद दाराआड चाले. झाकणं हा माझा धंदा होता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, तापानं उतरलेला चेहरा, रडून सुजलेलं नाक, सगळं मी झाकलं आणि त्याचा मला भारी गर्व होता.

जयती कोलकात्याहून आली ती मोठे डोळे आणि एक मोठी अडचण घेऊन. बंगालीत 'स'चा सर्रास 'श' होतो. तिच्या घरी तेच बरोबर, पण मुंबईला ते चालेना. पहिल्या हिंदी चित्रपटात निर्मात्यानं तिचा आवाजच काढून टाकला आणि दुसऱ्या मुलीचा बसवला. त्या दिवशी ती माझ्या आरशासमोर ढसाढसा रडली. बिलकीसनं तिचे डोळे पुसले आणि ती म्हणाली, "रडून काय होणार? म्हण, सात सशांनी सोमवारी साय सांडली." मग रोज सकाळी पावडर लागेपर्यंत ते ससे धावत राहिले. वर्षभरानं जयतीला एका मराठी चित्रपटात सरपंच बाईचं काम मिळालं आणि त्यात आवाज तिचा स्वतःचा होता. तिचा 'श' जो गेला तो कायमचा गेला. चित्रपट खूप चालला. मराठी माणसानं तिला डोक्यावर घेतलं.

पुढे बंगालमधल्या एका पक्षानं तिला निवडणुकीला उभं केलं. लोक हसले, नटी काय राजकारण करणार म्हणाले. ती निवडून आली. तिच्या मतदारसंघात नदी दरवर्षी गावाचा काठ गिळायची. ही बाई गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि बंधारा बांधून झाल्यावरच तिथून हलली. ती दोनदा खासदार झाली. राजकारणात माझं काम उरलं नाही. बिलकीस मुलाकडे दुबईला आली आणि मी तिच्या सामानातून आले. नात इनायानं माझ्यात खडू भरले. माझ्यात, खडू! ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक.

मग गेल्या नोव्हेंबरात बिलकीसनं मला खाली काढलं, खडू बाहेर ओतले, आरसा पुसला. महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनाला जयतीबाई प्रमुख पाहुण्या होत्या आणि त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं होतं, "चेहऱ्याला हात फक्त बिलकीस लावणार."

शनिवारची संध्याकाळ होती. शाळेच्या हॉलमागच्या खोलीत आम्ही चौघंच होतो. बिलकीस, जयती, मंडळाच्या सेक्रेटरी सुनेत्राताई आणि जयतीचा सहायक अनिल. मला धरलं तर पाच. तिसरी निवडणूक पाच महिन्यांवर होती. बाई आता थकल्या, आजारी असतात, अशी आवई विरोधकांनी उठवली होती. त्यामुळे अनिल सारखा फोनवर असायचा आणि बाईंचा एकही थकलेला फोटो बाहेर जाऊ देत नसे.

जयती खुर्चीत बसली. "बिलकीस, बघ गं, सूज आलीय का डोळ्यांखाली?" शब्द खणखणीत होते. बिलकीसनं बेस लावला, पावडर फिरवली. तेवढ्यात बाहेर मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान सुरू झाली. बिलकीसनं नेहमीप्रमाणे हात थांबवला, डोक्यावर ओढणी घेतली. जयतीही डोळे मिटून गप्प बसली. जयतीच्या डाव्या हातातली पिन खाली पडली, तेवढा आवाज मी ऐकला.

अजान संपली. सुनेत्राताई म्हणाल्या, "मॅडम, ती मराठी ओपनिंग लाइन एकदा म्हणता का? जस्ट रिहर्सल."

जयती म्हणाली, "शगळ्यांना शश्नेह नमश्कार."

सुनेत्राताईंनी टाळ्या वाजवल्या. "अय्या, किती गोड! हा बंगाली टच तर हवाच. पब्लिक खूश होणार." अनिलही हसला, "टिपिकल कोलकाता!"

बिलकीस हसली नाही. लिपस्टिकचा ब्रश तिच्या हातात तसाच राहिला. तीस वर्षांत तिनं हा 'श' ऐकला नव्हता.

"जयती," ती हळूच म्हणाली, "ओठ ताण बघू. हस."

जयती हसली. उजवी बाजू हसली. डावी जागची हलली नाही.

मित्रांनो, आरसा माझ्या झाकणात आहे, मला ते आधी दिसलं. आणि खरं सांगते, मला भीती वाटली नाही. मला वाटलं, आता माझी पाळी! गडद छटा कुठल्या कप्प्यात आहे, ओठाचा कोपरा रंगानं कसा वर उचलायचा, मला सगळं पाठ होतं.

अनिलनंही पाहिलं. पण तो म्हणाला, "थकान है. बिलकीसजी, थोडा टचअप कर दो, लाइट में कुछ नहीं दिखेगा. आज कॅन्सल हुआ ना, तो इलेक्शन खलास."

"झाक, बिलकीश," जयती म्हणाली. "तू झाकतेश ना शगळं?" तिचा डावा हात मांडीवरून घसरला आणि तिला तो उचलता येईना.

बिलकीसचा हात माझ्या कप्प्यात आला. गडद छटेवर थांबला. मी श्वास रोखला, पेटीला असतो तेवढा. मग तो हात पुढे गेला आणि त्यानं कोल्ड क्रीमची डबी उचलली. चार फटक्यांत तिनं सगळा रंग पुसून काढला आणि माझा आरसा जयतीसमोर धरला. कोरा, एका बाजूला उतरलेला चेहरा माझ्यात आला. जयतीनं तो पाहिला. तिच्या उजव्या डोळ्यात पाणी आलं.

"सुनेत्रा, ॲम्ब्युलन्स बोलव!"

"बिलकीसआपा, बट... त्या बोलतातच तशा ना? बंगाली..."

"तीस वर्षं साफ 'स' बोलतेय ती. लाव फोन!"

अनिल दारात आडवा झाला. "हॉल में चार सौ मोबाइल हैं, मॅम! व्हिडिओ निकलेगा!"

सुनेत्राताईंनी ॲम्ब्युलन्सचा ९९८ नंबर लावला, आणि फोन कानाला धरूनच त्याला बाजूला ढकललं. "निघू दे. यल्ला, चल, मागचं गेट उघड!"

मीही ॲम्ब्युलन्समध्ये गेले, कारण बिलकीसला मला खाली ठेवायचं भानच नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला. या शेवटच्या नीट कधी बोलल्या? मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक वेळेतच देता येतं. वेळ चुकली तर ते जिवावर बेततं. अनिल म्हणाला, दुपारपासून थकल्या होत्या. सुनेत्राताई म्हणाल्या, मला तर त्या नेहमीसारख्याच वाटल्या.

"अजानच्या आधी साफ," बिलकीस म्हणाली. "अजान झाल्यावर 'श'. मगरिब आज पाच एकोणतीसची. लिहा."

डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि धावत आत गेल्या. नंतर दोन तास कोणी बाहेर आलं नाही. बिलकीस मला मांडीवर घेऊन बसली होती.

जयती वाचली. पण तोवर अनिलला ज्याची भीती होती तेच झालं होतं. स्ट्रेचरवरचा वाकडा चेहरा देशभर पोचला आणि पक्षानं चौथ्या दिवशी दुसऱ्याला तिकीट दिलं. मंडळाच्या स्मरणिकेत छापून आलं, 'प्रमुख पाहुण्या अपरिहार्य कारणामुळे उपस्थित राहू शकल्या नाहीत.' बिलकीसचं नाव कुठेच नव्हतं.

तिकिटाची बातमी आली तेव्हा बिलकीस तिला चमच्यानं पेज भरवत होती.  जयती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तू माझी खुर्ची घालवलीस."

"हो, घालवली," बिलकीस म्हणाली. "तोंड उघड."

जयतीनं तोंड उघडलं.

मित्रांनो, माझ्या जातीच्या पेट्या आत्मकथेच्या शेवटी म्हणतात, आम्हाला धुळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. त्या संध्याकाळी मी रंग लावायला अगदी तयार होते, आणि माझं ऐकलं असतं तर ते माझं सर्वांत सुंदर काम ठरलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि ती व्यासपीठावर कोसळली असती. म्हणून एवढंच मागते. तुमची आई, आजी, बाबा रोज कसं बोलतात, कसं हसतात ते आत्ता, ती धडधाकट असताना, नीट लक्षात ठेवा. आणि एखाद्या दिवशी ते वेगळं वाटलं तर सगळे हसत असले तरी तुम्ही हसू नका.