रांजणावरचा स्पीकर

नाथाजी फौजेतून पेन्शनीत आला तो तल्लख कान घेऊनच. बंद पडलेल्या तंबू-टॉकीजचा एक फाटका स्पीकर त्यानं कऱ्हाडच्या भंगारातून उचलून आणला आणि त्या दिवसापासून मनुबाईच्या संसाराला गळती लागली. स्पीकरच्या फाटक्या कागदाला ठिगळ म्हणून तिचं लुगडं कापलं गेलं. मग खर्ज हवा म्हणून पाण्याचा रांजण रिकामा झाला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा बसला. घरात खर्ज मुबलक, पाणी मात्र घागरीपुरतं. पहाटे जात्यावर मनुबाई गायला लागली की आतून हुकूम सुटे, "गप गं! खरखर कुठनं येती ती ऐकू दे!"

अशात महिला मंडळानं चार बायकांना सांगलीला रेडिओवर ओव्या म्हणायला नेलं. त्यांत मनुबाई होती.

"आवं, मी रेडिओत गायला चाललेय."

"जा की. येताना चांगल्यातला सरस आण, चिकटवायला."

तिनं सरस आणला. पण त्याआधी माइकसमोर एक धाडस केलं. लग्नातल्या उखाण्यानंतर ज्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, त्या नवऱ्याचं नाव तिनं ओवीत घेतलं. अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलं नाही तरी चालेल, त्यानं ऐकावं, एवढंच तिला वाटत होतं.

"बेस्तरवारी दुपारी लागणार हाय," ती आठवडाभर सांगत होती. तो "हूं" म्हणत स्क्रू पिळत होता.

बेस्तरवार आला. मनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून दाराशी बसली. नाथाजीनं अगदी शेवटच्या घटकेला रेडिओची वायर जोडली आणि रांजणातून ओवी घुमली. तिसऱ्या कडव्यात नाव आलं. नाथाजीनं डोळे मिटून बोट वर केलं. मनुबाईचा जीव कानात गोळा झाला.

"ऐकलंस? 'नाथाजी'तला 'थ' कसा सुटा आला! म्हईनाभर चिकटत हुता गं!"

त्यानं कान स्पीकरच्या आणखी जवळ नेला.

"बाई कोण हाय कुणास ठावं, पण गळा झकास हाय. रोज लागली तर तपासायला लय बरं पडंल."

"लागती की रोज," मनुबाई उठत म्हणाली. "पहाटं, जात्यावर. तुमीच वरडतासा, गप गं म्हणून."

तिनं रांजणावरचा स्पीकर उचलून खाली ठेवला आणि भरलेली घागर आत ओतली. नाथाजी अडवायला उठला नाही. त्याचे ते तल्लख कान तेवढे लालबुंद झाले होते.