तियो गोरियोचा हळू आवाज

तियो गोरियो देश बघायला निघाला, यावर आमच्या लेमेरी गावात कुणाचाही विश्वास बसला नाही. हा माझा सख्खा मामा. तीस वर्षं त्याने एकाच रस्त्यावर बस चालवली, लेमेरी ते मनिला आणि मनिला ते लेमेरी, आणि सुट्टीच्या दिवशी घरापुढे खुर्ची टाकून तो तोच रस्ता बघत बसायचा. असा माणूस एका सकाळी म्हणाला, की आपल्या देशात एवढी हजारो बेटं आहेत, मरण्याआधी एकेक प्रांत बघून घ्यायचा. सोबतीला मी. का, तर मी शाळेत शिकवते, मला सुट्टी होती, आणि इलोइलोला चार वर्षं शिकायला होते म्हणून मला तिकडची भाषा येते.

हे शेवटचं कारण त्याने इतक्या सहज सांगितलं, की मी तिथेच ओळखायला हवं होतं.

पहिलं बेट मिंदोरो. बोटीतून उतरून तियो धक्क्यावर उभा राहिला, मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे फिरवली आणि म्हणाला, बघून झालं. नाउहानचं तळं जवळ होतं, मला ते बघायचं होतं. तर म्हणे, तळ्यात पाणीच असतं, आणि आपण आत्ता पाण्यातूनच आलो. मग दुसरी बोट, इलोइलो ज्या बेटावर आहे त्याच्या उत्तर टोकाचं कातिक्लान. तिथून बोराकायची पांढरी वाळू हाकेच्या अंतरावर. लोक त्या वाळूत लोळायला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून येतात. आमचे प्रवासी तिच्याकडे पाठ करून कंडक्टरला विचारत होते, इलोइलोची बस कितीला सुटते. या वेगाने आमचा सगळा देश चार दिवसांत उरकला असता.

बसमध्ये मी सरळच विचारलं, एफ्रेनकडे चाललोय का? एफ्रेन त्याचा एकुलता एक मुलगा, इलोइलोजवळच्या ओटोनला सासूच्या घरी राहतो. तियो खिडकीबाहेर बघत म्हणाला, वाटेत लागला तर भेटू. ओटोन बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. त्याचा कान लाल झाला होता.

बापलेकांत आठ वर्षं बोलणं नव्हतं. एफ्रेन जहाजावर नोकरीला, ओटोनच्या रोसालिनशी त्याचं जमलं. आमच्यात मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन रीतसर मागणी घालायची असते. एफ्रेनने निरोप धाडला होता, मी उतरतो, मग आपण मिळून जाऊ. पण तियोला दम कुठला. मामी नुकतीच वारली होती, अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तो एकटाच गेला आणि विहिणीसाठी मानाची भेट घेऊन गेला: आमच्या शेजारच्या ताआल गावच्या कारागिराने घडवलेला घडीचा सुरा, मूठ म्हशीच्या शिंगाची. आमच्या बातांगास प्रांतातल्या माणसाला याहून चांगली भेट सुचत नाही. विहिणीच्या बैठकीत उभं राहून त्याने तो एका झटक्यात उघडून दाखवला, कारागिरी कळावी म्हणून, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात मागणी घातली.

आता आमचा नेहमीचा आवाज. आम्ही 'जेवलास का' विचारलं तरी परका माणूस दोन पावलं मागे सरतो. त्यात तियोची बोली अस्सल गावठी, विहिणीला त्यातलं 'मुलगा' आणि 'आज' एवढंच कळलं. बाकीचं सुऱ्याने सांगितलं.

विहीण नानाय पासिता विधवा बाई, एकटी घरात. तिने तिच्या भाषेत उत्तर दिलं. आणि इलोइलोची माणसं शिवीसुद्धा अंगाई म्हटल्यासारखी देतात. तियोला शब्द कळले नाहीत, सूर कळला. घरी येऊन त्याने गावभर सांगितलं, विहीण म्हणजे नुसता मध. प्रत्यक्षात ती म्हणाली होती, पुन्हा पायरी चढलात तर पोलिसांना बोलवीन. हे रोसालिनने मला फार उशिरा फोनवर सांगितलं, तोवर लग्न होऊन गेलं होतं. मधल्या काळात एफ्रेनने बापाला फोन करून एवढंच विचारलं होतं, सुरा काढला होता का? तियो अभिमानाने म्हणाला, काढला, का नाही काढणार? दोघांनी फोन आपटले.

दोन नातवंडं झाली, ती तियोने माझ्या फोनमध्ये पाहिली. त्याला आता फार काही नको होतं. मुलाच्या घरी एकदा पानावर बसायचं होतं. बसमध्ये त्याने ते शेवटी कबूल केलं. मी त्याला शपथ घातली, की तिथे हळू बोलायचं. मग थेट इलोइलो येईपर्यंत त्याने हळू बोलण्याचा सराव केला. शेजारच्या बाईने मला विचारलं, यांच्या घशाला काय झालंय.

भर दुपारी ओटोनला पोचलो. नानाय पासिता अंगणातल्या बांबूच्या बाकावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तियोने टोपी काढली, पुढे झाला आणि शपथेप्रमाणे कुजबुजला, "विहीणबाई, मी आलोय."

तिच्या हातातली शेंग हातातच राहिली. ओरडणाऱ्या माणसाला ती आठ वर्षांपूर्वी घाबरली होती, कुजबुजणाऱ्याला जास्त घाबरली. पण बाई धीराची. उठली नाही, सूर चढवला नाही, मान किंचित कलती करून बोलू लागली.

"आलात का हो. काही लाज वाटली नाही ना? माझी पोर लग्नात रडली, जावई आठ वर्षं मनात कुढतोय. तुम्हाला पान वाढण्यापेक्षा हे सगळं मी डुकराला घालीन."

तियो हसऱ्या चेहऱ्याने मान डोलवत होता. "काय म्हणतात?"

"या म्हणतात."

"आणि ते एवढं लांबलचक?"

"जेवणाचं काहीतरी," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

तेवढ्यात एफ्रेन बाहेर आला. दोन सफरींच्या मधल्या सुट्टीवर होता. अंगाने भरला होता, बाकी तोच. तो बापाशी आमच्याच भाषेत बोलला, पण सूर तिकडचा, बायकोच्या घरचा.

"ताताय, तुम्ही घरी जा. इथे कुणाला त्रास नको."

तियोचं हसू मावळलं. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, काय म्हणाला हा? मी म्हटलं, तियो, तो आपल्या भाषेत बोलला. "ते कळलं मला," तो म्हणाला. "रागावलाय की नाही, ते कळत नाही. माझ्या पोराचं मला कळत नाही."

मला फार वाईट वाटलं. त्याला शपथ घालणारी मीच होते.

मग शपथ मोडून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं तो मुलाला म्हणाला, "असा गोड नको बोलूस. शिव्या दे, पण आपल्यासारख्या दे."

एफ्रेन पायरी उतरून बापासमोर आला. मग त्याच्या छातीतून लेमेरी बाहेर पडली.

"आठ वर्षं कुठे मेला होतास? चर्चमध्ये माझ्या बाजूचा बाक रिकामा होता!"

"बोलावलं होतंस का मला?"

"बापाला बोलवावं लागतं का रे?"

शेजारच्या खिडक्या उघडल्या. तियोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने तो मुलाला गाढव म्हणत होता. नानाय पासिताने माझा दंड धरला. अगं सोडव त्यांना, एकमेकांचा जीव घेतील. मी म्हटलं, नाही, ते भेटतायत. एकेक वाक्य मी तिला तिच्या भाषेत सांगत गेले. ती ऐकत राहिली, मग तिने विचारलं, आणि त्या दिवशी सुरा काढून काय म्हणाले होते?

मी तियोला विचारलं. त्याने तेव्हाच्याच आवाजात सांगितलं, "घ्या माझा मुलगा. आजपासून तो तुमचा."

मी तिला ते सांगितलं. नानाय पासिता बाकावर बसली. शेंगांची टोपली कलंडली, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. आठ वर्षं ती ज्याला धमकी समजत होती, ते मुलाचं दान होतं. मग तिने झग्याच्या कडेने डोळे पुसले आणि उठली. या घराण्याशी कसं बोलायचं असतं ते आता तिला कळलं होतं. तियोसमोर जाऊन तिने खोल श्वास घेतला आणि जन्मात पहिल्यांदा, आमच्या भाषेत, गळा फाटेपर्यंत ओरडली.

"बसा! जेवा!"

कोंबड्या पळाल्या. तियो दचकला. त्याने टोपी डोक्यावर घातली आणि पिशवी उचलली.

"चल पोरी," तो अगदी हळू म्हणाला. "इतका वेळ किती गोड बोलत होत्या. माझं काय चुकलं?"

मी पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली.