टिकलीवरची खळी

उस्तादांना जावई पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होता. कारण विचाराल तर सांगण्यासारखं काही नव्हतं. लेकीने स्वतः पसंत केलेला, आणि सासऱ्यासमोर खुशाल पाय हलवत बसणारा, एवढाच काय तो गुन्हा. त्यात तो उस्तादांच्याच हाताखाली. गोदामांवर पहारेकरी पाठवणाऱ्या त्या कंपनीची शस्त्रखोली उस्तादांच्या ताब्यात होती, आणि बंदुकीतलं उस्तादांइतकं कोणालाच कळत नाही हे सगळ्यांना मान्य होतं. सर्वांत आधी उस्तादांना.

त्या दिवशी गोदामाच्या फाटकावर जावयाची एका ट्रकवाल्याशी जुंपली. ट्रकवाला पहार घेऊन अंगावर आला, जावयाने रायफलीत गोळी चढवली, आणि तेवढ्यानेच गडी थंड झाला. पाळी संपल्यावर, चुकून बार उडालाच तर वाळूत जिरावा म्हणून ठेवलेल्या पेटीसमोर रायफल रिकामी केली तेव्हा ते काडतूस बाहेर पडलं. उस्तादांनी उचलून उलटं केलं. काडतुसाच्या बुडाला एक छोटी टिकली असते. तिच्यावर पिन आपटली की बार उडतो. त्या टिकलीवर मोहरीएवढी खळी होती.

"चाप ओढलास तू," उस्ताद म्हणाले. "बार फुसका निघाला म्हणून तो माणूस आज घरी जाऊन जेवला."

"नाही हो मामा. गोळी चढवली, पण नळी जमिनीकडे होती. चापाला बोटसुद्धा लावलं नाही."

"मग ही खळी काय तुझ्या आजोबांनी पाडली?"

सगळे पहारेकरी हसले. एरवी कशालाही दात काढणारा जावई तेवढा हसला नाही.

उस्तादांनी त्याला घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चौकशी होती. उस्तादांच्या एका शब्दावर नोकरी जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "तुझा नवरा माणसावर गोळी झाडायला निघाला होता, आणि वर तोंड करून खोटं बोलतोय." हे सांगताना त्यांना बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

सकाळी साहेबांना फरक दाखवावा म्हणून उस्तादांनी तीच रायफल घेतली, एक कोरं काडतूस चढवलं आणि चापाच्या जवळही न जाता बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा सरकता दांडा, ओढून ते बाहेर काढलं. हे कोरं काडतूस कालच्याशेजारी ठेवलं की झालं. त्यांनी ते उलटं केलं. टिकलीवर खळी होती, मोहरीएवढीच.

"हात्तिच्या," उस्ताद पुटपुटले आणि त्यांनी दुसरी रायफल घेतली. तिथेही तेच. तिसरीतही तेच.

मग मात्र त्यांनी रायफल उघडली. ज्या जुन्या बंदुकांवर त्यांची हयात गेली, त्यांच्यात पिनेला एक स्प्रिंग मागे धरून ठेवायची. इथे स्प्रिंगच नव्हती. पिन आपली बोल्टच्या भोकात सुटी. बोल्ट तिरका केला की खुळखुळत पुढेमागे व्हायची. गोळी चढताना बोल्ट धाडकन पुढे येऊन थांबणार, आणि पिन त्याच जोरात टिकलीला हलकी टिचकी मारणार. बार उडवायची ताकद त्या टिचकीत नाही, पण खळी पडतेच. गेलं वर्षभर या रायफली तेच साफ करत होते. रोज पिन हातात यायची, आणि स्प्रिंग का नाही हा प्रश्न या शहाण्या माणसाला एकदाही पडला नव्हता.

त्यांचे कान तापले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. ती काडतुसं खिशात घातली असती तर कोणाला पत्ता लागला नसता, आणि हा विचार त्यांच्या मनात आला होता. त्याचीही त्यांना लाज वाटली.

साहेबांसमोर, काल हसलेल्या सगळ्यांना बोलावून, उस्तादांनी पुन्हा गोळी चढवून दाखवली. "चूक माझी आहे. त्याने चाप ओढला नव्हता." कोणीतरी खाकरलं. साहेब म्हणाले, बरं, बोलवा त्याला कामावर. साहेबांपुरतं प्रकरण मिटलं.

उस्ताद तडक लेकीच्या घरी गेले. ती खुर्चीत बसली होती, जावई स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. उस्तादांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"माझं चुकलं, जावईबापू. मला तुम्ही वाईट निघायला हवे होतात. खळी दिसली आणि मी तेवढंच धरून बसलो."

"असू दे मामा. होतं कामात असं."

तो इतक्या चटकन म्हणाला की उस्तादांना वाटलं, सुटलो.

लेक नवऱ्याकडे बघत नव्हती. "बाबा, हा काल कितीदा सांगत होता, बोट लावलं नाही म्हणून," ती म्हणाली. "शेवटी रडला. मी म्हटलं, नाटकं बंद कर. माझे बाबा बंदुकीच्या बाबतीत चुकत नाहीत."

उस्तादांची आपली माफी मागून झाली होती. लेकीच्या वाटची मागायची तरी कशी? जावयाने पाठ फिरवली, नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. लेक उठून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिला काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि बाहेरच्या खोलीतून उस्तादांना ते दिसत होतं.