खलनायकाच्या एंट्रीची गिटार

पत्रूभाऊ आलाच नाही.

करिष्मा रंगमंचाच्या मधोमध हात जोडून उभी होती. "कोण आहे तिकडे?" हे तिचं दोनदा विचारून झालं होतं. आता पडद्यामागून खलनायकानं कुऱ्हाड उगारून झेपावायचं, तर तिकडे सामसूम. मयुरी खाली वादकांच्या जागेत बसून गिटार वाजवत होती; निदान तिची बोटं तरी चालत होती. करिष्मानं तिसऱ्यांदा विचारलं, "कोण आहे तिकडे?" आणि मग नाटकातला आवाज सोडून घरचा लावला, "अहो पत्रूभाऊ, तिथं हाय का गेले?"

पडद्याच्या फटीतून आधी मिशी आली, मागून पत्रूभाऊ. "गिटार वाजली का? मले तं काईच ऐकू नाई आलं."

"वाजून राह्यली नं!" मयुरी ओरडली.

"कुठी?"

तालमीला जमलेली सगळी मंडळी हसली. ऑर्गनवर बसलेले बापूजी तेवढे हसले नाहीत. त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, आणि तो सांडण्याइतका हा विनोद मोठा नाही असं त्यांचं मत दिसलं.

गावात मंडई होती, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. धान कापून झालेल्या बांधीत मांडव पडला होता, आणि रात्री तिथे 'कुंकू पुसलं पाटलानं' हे नाटक होणार होतं. दुपारची ही शेवटची तालीम. नाटक कंपनी ब्रह्मपुरीच्या धनराजभाऊंची. कंपनी त्यांची, म्हणून नायकही तेच. वय झालं होतं, केस दर पंधरवड्याला काळे होत होते, आणि रंगमंचावर त्यांच्याआधी त्यांचं पोट प्रवेश करायचं; पण प्रेक्षकांनी ते इतक्या वर्षांत मुकाट्यानं चालवून घेतलं होतं. त्यांना खरी ओढ असायची खलनायकाची. पत्रूभाऊ एरवी चामोर्शीच्या बाजारात लुगडी विकायचा आणि बायका त्याला भावात रडवायच्या, पण रंगमंचावर तो आला की मागच्या रांगेतली पोरं आईच्या पदराखाली शिरायची.

त्याच्या एंट्रीचं संगीत आजवर बापूजींचंच. डावा हात ऑर्गनच्या खालच्या पट्ट्यांवर आडवा टाकायचा आणि गडगडाट उठवायचा. यंदा मात्र दुसऱ्या एका कंपनीनं धूर सोडणारं यंत्र आणलं, आणि धनराजभाऊंची झोप उडाली. त्याच सुमाराला मयुरी त्यांच्याकडे गेली. तिच्या गिटारीच्या तारा तिनं ढिल्या करून सूर पार खाली उतरवले होते. तिनं भाऊंच्या ओसरीवर एकटीनं वाजवून दाखवलं, तर कोपऱ्यातली कोंबडी उठून गेली.

"हे पाह्यजे," भाऊ म्हणाले. "धूर काय, चुलीतून बी निघते."

पण बापूजी रुसले. तेव्हा भाऊंनी मधला मार्ग काढला. मंडईच्या दिवशीच्या तालमीत पत्रूभाऊनं गिटारीवर बरोबर एंट्री घेतली तर गिटार राहील. नाही तर ती पिशवीत जाईल आणि एंट्री पुन्हा बापूजींची. मयुरीनं हो म्हटलं. नाही म्हणून जाणार कुठे? तिच्यासोबत वाजवणारी तिन्ही पोरं नोकरीला पुण्याला गेली होती. भजनात असल्या गिटारीला जागा नव्हती, लग्नाच्या बँडात नव्हती, आणि घरात वाजवली की आई देवघराचं दार लावून घ्यायची. अख्ख्या दोन जिल्ह्यांत ही गिटार हजार माणसांपुढे वाजेल अशी जागा एकच होती, पत्रूभाऊच्या पायाखाली.

"सलमानभाई, आवाज वाढवा नं जरा," ती म्हणाली.

सलमान म्हणजे 'सलमान साऊंड सर्विस'. कपाटाएवढे चार बेसचे डबे, आणि प्रत्येकावर रंगवलेलं, 'छातीत वाजते'. सलमानचा देव एक आणि धर्मही एक, पण त्याखालोखाल बेस. कुणी काहीही मागितलं, माईक मागितला, गाणं मागितलं, तरी तो आधी बेस द्यायचा.

"देतो नं," म्हणत त्यानं गिटारीच्या बेसचं बटण उजवीकडे पिळलं.

पुन्हा तालीम. ढोलकी सुरू झाली, बापूजींचा डावा हात आडवा पडला, मयुरीनं तारांवर घाव घातला. डबे हादरले. मांडवाच्या बांबूवरचा कावळा उडाला. करिष्मानं विचारलं, "कोण आहे तिकडे?" आणि तिकडे कोणीच नव्हतं.

"अजून दे," मयुरी म्हणाली.

सलमाननं अजून दिलं. आता कुठलं वाद्य कुठलं तेच कळेना. चिखलात म्हशी बसाव्यात तसे ढोलकी, ऑर्गन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर बसले होते.

पत्रूभाऊ कंटाळून बाहेर आला. "बाई, कोंडा भरडून राह्यल्यासारखं वाटते. त्यात तुही गिटार कोणती?"

"घरी तं वाघासारखी वाजते," मयुरी पुटपुटली.

"घरी मीबी वाघच हाव," पत्रूभाऊ म्हणाला. "बायकोले विचार."

धनराजभाऊंनी घड्याळ पाहिलं. "आता सुरुवातीपासून एकदा. शेवटचं. मग मले फेटा बांधाचा हाय." बापूजींनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. हा त्यांच्या बाजूनं पडलेला निकालच होता.

एंट्रीच्या आधी प्रेमगीत. भाऊ करिष्माभोवती फिरत होते, पोट सांभाळत, कारण मागचा पडदा जवळ होता. ढोलकी हळू, ऑर्गन गोड, गिटारीला काम नाही. मयुरीनं आपला हात पुढच्या सुरांच्या जागेवर नेऊन ठेवावा म्हणून तारांवरून सरकवला. बोटं घासली. 'किर्रर्र.'

पडदा फाटल्यासारखा उघडला आणि पत्रूभाऊ कुऱ्हाड घेऊन करिष्मावर धावत आला. "गौरी! तुझं कुंकू आज मी पुसणार!"

"अबे, थांब!" भाऊ ओरडले. "अजून मी तिचा हात नाई धरला! लगन व्हाचं हाय आमचं!"

"लगनाच्या आधीच कुंकू पुसून राह्यला," करिष्मा म्हणाली. "काऊन आला तू आत्ता?"

"गिटार वाजली नं!"

"कुठी वाजली?"

"वाजली बे! किर्र झालं. साफ ऐकू आलं."

ढोलकीवाला हसता हसता ढोलकीवर आडवा झाला. मयुरी मात्र हसली नाही. ती आपल्या बोटांकडे पाहत राहिली. इतका वेळ ती जीव तोडून वाजवत होती ते पडद्याच्या दोन हात मागे पोचलं नाही, आणि नखाएवढं घासणं ढोलकी-ऑर्गन ओलांडून नेमकं त्या माणसाच्या कानात गेलं. याचा अर्थ चांगला नव्हता. घरी एकटीनं वाजवताना तिनं खालचा आवाज खूप वाढवला होता आणि मधला जवळजवळ काढूनच टाकला होता, कारण मधला आवाज नाकातला वाटतो, चारचौघांत घेऊन जायला लाज वाटावी असा. खोलीत ती वाघ व्हायची, कारण खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. इथे खालची सगळी जागा ढोलकीनं आणि बापूजींच्या डाव्या हातानं आधीच बळकावली होती, आणि ती त्याच बाकावर तिसरी बसायला धडपडत होती; ते किर्र मात्र वरच्या रिकाम्या जागेतून सुटलं होतं.

ती उठून सलमानजवळ गेली. "गिटारीचा बेस काढा."

"काय काढू?"

"बेस. शंभर हर्ट्झच्या खाली काईच नको. वर अडीचशे-तीनशेच्या आसपास चिखल हाय, तोही कमी करा. अन् मधला वाढवा, दीड-दोन हजाराजवळ. तार छेडल्याचा जो टणका असते नं, तो पाह्यजे."

सलमाननं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू तिनं भर मांडवात त्याच्या डब्यांवरचं नाव पुसायला सांगितलं. "बेस काढला तं राह्यते काय?"

"पाहू नं काय राह्यते ते."

"माह्या सर्विसचं नाव खराब होईन."

"माह्यं नाव सांगा."

त्यानं नाइलाजानं बटणं फिरवली. मयुरीनंही पायाशी असलेल्या पेडलवर आवाज फाडायचं बटण निम्म्यावर आणलं; इतका फाटलेला आवाज म्हणजे नुसता भुसा, त्यात दाणा सापडत नाही. मग तिनं एकटीनं वाजवून पाहिलं.

डबड्यात माशी अडकावी तसा आवाज निघाला. चहाची किटली घेऊन आलेल्या कलाबाई थबकल्या. "बाई, तुहा बाजा बिघडला का वं?" मांडव पुन्हा खदखदला. भाऊंनी कपाळावर हात मारला. मयुरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या आवाजासाठी तिनं आईशी भांडण घेतलं होतं, तो तिनं स्वतःच्या हातानं सोलून असा काडीसारखा करून ठेवला होता. क्षणभर तिला वाटलं, सगळं पूर्ववत करावं आणि गिटार पिशवीत घालावी. निदान वाघ म्हणून परत जाता येईल.

तसं न करता ती बापूजींसमोर गेली. "बापूजी, एंट्रीले तुमचा डावा हात—"

"उचलू?" बापूजींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "उचलून काय करू? पाठ खाजवू?"

"नाई, नाई. उचलू नका. जोरानं टाका. खालचं सगळं तुमचं. मी तिथून उठली."

बापूजींना यात काहीतरी डाव दिसला. त्यांनी खर्रा बाजूला थुंकला, तोंड पुसलं. "म्हणजे वाघ माहा, अन् तू काय?"

"मी दात."

"हूं," ते म्हणाले. डाव सापडला नव्हता, पण वाघ त्यांच्या वाट्याला आला होता, त्यामुळे शोधण्याची घाई राहिली नाही.

प्रेमगीत पुन्हा सुरू झालं. मयुरीनं हात तारांपासून वीतभर दूर धरला, ओली मेंदी लावलेल्या बाईसारखा. आता तर घासलेलं आधीपेक्षा मोठं ऐकू गेलं असतं. भाऊंनी करिष्माचा हात धरला. लग्न झालं. गाणं संपलं. "कोण आहे तिकडे?" करिष्मानं विचारलं.

बापूजींचा डावा हात पडला, अगदी रागानं. जमीन गुरगुरली. त्याच घटकेला मयुरीनं तारेवर पहिला घाव घातला, आणि त्या गुरगुरण्यातून एक धारदार काहीतरी वर आलं, प्रत्येक सूर वेगळा, जणू मोजून घ्या. एकटा असताना तो आवाज किडकिडीत होता. आता त्याच्या पोटात ऑर्गन होता आणि पायात ढोलकी, आणि ते सगळं मिळून कुणातरी एकाचंच अंग वाटत होतं. पडदा उडाला. पत्रूभाऊ बरोबर त्या सुरावर आला, आणि कधी नव्हे तो खरंच भयानक आला. करिष्मा दोन पावलं मागे सरली आणि पुढचं वाक्य विसरली. किटलीचं झाकण खाली पडलं. "माय वं," कलाबाई म्हणाल्या.

तालीम तिथेच थांबली, कारण नायकही घाबरून विंगेत गेला होता. भाऊ परत येऊन खाकरले. "गिटार राहीन," ते म्हणाले. मग बापूजींकडे वळून त्यांनी हातच जोडले. "पण बापूजी, आज डावा हात काय चालला! जमीन हालवली तुमीनं!"

"हालतेच," बापूजी म्हणाले.

पत्रूभाऊ, करिष्मा, ढोलकीवाला, सगळे ऑर्गनभोवती जमले. सलमान मयुरीच्या कानाशी लागला. "सांग नं त्यायले. तो आवाज तुहा होता."

खालचा गडगडाट खरोखर बापूजींचा होता; कुठून कुठवर त्यांचा आणि कुठून आपला, हे आता मयुरीलाही नीट सांगता आलं नसतं. तिनं आपलं स्टूल उचललं आणि बापूजींच्या डाव्या अंगाला, त्यांचा हात पडताना दिसेल असं, नेऊन मांडलं.

बापूजींनी तिच्याकडे न पाहताच नव्या खर्र्याची पुडी सोडली. "जरा तिकडे सरक," ते म्हणाले. "कोपर लागते."