तीन झोत ऐकेपर्यंत

ताडपत्री घालणं म्हणजे काय, चार टोकं ओढायची आणि दोरीनं बांधायची, असं ज्यांना वाटतं त्यांच्याच घरची ताडपत्री तिला दुसऱ्यांदा घालावी लागायची. वादळ एकदाच येतं, पत्रे उडवतं आणि आपल्या वाटेनं निघून जातं. माळावरचा रोजचा वारा मात्र रिकामटेकडा. त्याला कुठे मोकळी कड सापडली की तो तिच्याशी खेळत बसतो, आणि सकाळी ताडपत्री दोन शेतं पलीकडच्या कुंपणाला लटकलेली दिसते.

कड मोकळी ठेवायची नाही, हे तिला बाबांनी शिकवलं. बाबा म्हणजे तिचे सासरे. बाकी सगळा मुलूख त्यांना मिस्त्री म्हणायचा. ताडपत्री फाटक्या भागावरून वर न्यायची आणि आढं ओलांडून पलीकडच्या उतारावर टाकायची, म्हणजे पाणी वरून आत शिरत नाही. मग तिची कड लाकडी पट्टीला दोन वेढे गुंडाळायची, पट्टी उलटून खाली दाबायची आणि स्क्रू मारायचे ते थेट वाशात. इतकंच. पण हे इतकंच वाऱ्यात, उतारावर गुडघे टेकून, कमरेला दोर बांधून करायचं असतं.

चार वर्षांपूर्वी बाबांच्या गुडघ्यानं संप पुकारला. एकुलता एक मुलगा स्टुलावर चढला तरी गरगरतो, म्हणून तो दुकानात बसून फोन घ्यायचा आणि सामान काढून द्यायचा. उरली सून. सासूबाईंनी आधी घर डोक्यावर घेतलं, मग म्हणाल्या, "घर सुनेनं सांभाळावं म्हणतात. आता गावाचीही घरं सांभाळ." सासूबाईंचा आवाज असा की त्यांनी स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे विचारलं, तर तीन घरं पलीकडचा माणूस मीठ शोधायला लागेल. त्यामुळे ही बातमी त्याच दिवशी सगळीकडे पोचली.

बाबांनी छप्पर सोडलं, पण एक काम सोडलं नाही. ते म्हणजे ऐकणं. काम झालं की दारं-खिडक्या बंद करायच्या, दुरुस्त केलेल्या छपराखाली खुर्ची टाकून बसायचं, समोर घरच्या माणसाला बसवायचं आणि वाऱ्याचे तीन मोठे झोत येऊन जाईपर्यंत थांबायचं. त्यात ताडपत्री बोलली तर काम कच्चं. तीनही झोतांना गप्प राहिली तर पक्कं. तोवर ती बाहेर दोर गुंडाळायची, शिडी गाडीवर चढवायची. मग बाबा दारात येऊन म्हणायचे, "गप्प आहे, चला." किंवा, "डावीकडून जरा बघ गं." दुसरे ताडपत्रीवाले हसायचे. मिस्त्रींची ताडपत्री उडाल्याचं मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

छपरांचं ऐकतात तसं बाबा तिचंही ऐकायचे, आणि खरं सांगायचं तर ती या कामात टिकली ती त्यासाठी. नवरा दिवसाला मोजून चार शब्द बोलायचा, सासूबाई कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंत माळावरचा सरळसोट रस्ता, शेजारी बाबा, आणि गाडी चालवता चालवता ती बोलायची. बाबा समोर बघत "हं" म्हणायचे. सल्ला नाही, उपदेश नाही.

तिची आई गेली त्याची खरी हकीकतही तिनं त्या रस्त्यावरच सांगितली होती, दीड वर्षापूर्वी, फक्त त्यांना. त्या दिवशी दुपारी आईचा फोन आला होता. 'येतेस का?' एवढंच तिनं विचारलं. ही कुणाच्या तरी छपरावर होती, वादळाचे दिवस होते, हातात ड्रिल होतं. 'उद्या येते,' म्हणाली. उद्यापर्यंत आई राहिली नाही. ते सांगताना तिनं रस्त्यावरची नजर काढली नव्हती. बाबा म्हणाले होते, "हं. बरोबर आहे." त्या दोन शब्दांवर ती दीड वर्ष निभावून नेत होती.

तर टेलरबाईंच्या घरी ते पोचले तेव्हा वादळाला तीन दिवस झाले होते, आणि संध्याकाळी पुन्हा वारा वाढणार असं सांगितलं होतं. माळावर एकटंच घर. उत्तरेच्या उताराचे पाच पत्रे गेलेले, आणि नेमके शिलाईच्या खोलीवरचे. खोलीत दोन मशीन, आणि टेबलावर, पलंगावर, कपाटावर शाळेच्या गणवेशांच्या चळती. दोनशे दहा गणवेश. टेलरबाई तीन रात्री बादल्या आणि गणवेश इकडून तिकडे हलवत जाग्या होत्या.

"हे भिजले तर शाळा मला पुन्हा कपडा देणार नाही," त्या म्हणाल्या. "वीस वर्षांचं काम आहे माझं. एवढंच आहे."

"भिजणार नाहीत," ती म्हणाली आणि शिडी लावली.

ती वर काम करत होती तोवर खालून टेलरबाईंचा आवाज अखंड येत होता. पहिला पत्रा कसा उडाला, दुसरा कसा, तिसऱ्याच्या वेळी मांजर कुठे होतं. बाबा समोर बसून मान डोलावत असणार, हे तिला न बघता ठाऊक होतं. दीड तासात ताडपत्री आढ्यावरून गेली, पट्ट्या बसल्या. शेवटची पट्टी लावताना पत्र्याच्या कडेनं तिचा तळहात खरचटला. हात धुवायला म्हणून ती आत गेली, नाहीतर नेहमीसारखी बाहेरच थांबली असती.

बाबांचं ऐकणं सुरू झालं होतं. दारं-खिडक्या बंद होत्या. हात पुसत ती भिंतीला टेकून उभी राहिली. टेलरबाई आता गप्प होत्या, कारण मशीनवर डोकं ठेवून त्या गाढ झोपल्या होत्या. तीन रात्रींची झोप एकदम वसूल करत होत्या.

झोत आला. घर जरा करकरलं, आणि उत्तरेच्या कोपऱ्यातून आवाज आला. टक. टक-टक. टक.

तिला वाटलं, आता बाबा म्हणतील, बघ गं जरा. बाबा वर बघतच नव्हते. ते टेलरबाईंच्या झोपलेल्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दुसरा झोत आला. पुन्हा तेच. तिसऱ्याला तर चांगला पाच-सहा वेळा आवाज झाला. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि हळूच म्हणाले, "गप्प आहे. बाईंना झोपू दे. चला."

आधी तिला वाटलं, परीक्षा घेताहेत. तशी त्यांना सवय होती. ते पाठमोरे होऊन पिशवी बांधायला लागले, तेव्हा ती मागून म्हणाली, "बाबा." ते वळले नाहीत. ती जरा मोठ्यानं म्हणाली. ते सुतळीची गाठ मारत राहिले.

मग तिला एकेक आठवायला लागलं. बाबांचा फोन वाजला की 'तूच बोल' म्हणून तिच्या हातात द्यायचे. घरी फक्त सासूबाईंनाच लगेच उत्तर द्यायचे. ऐकायला बसले की तोंड कायम घरच्या माणसाकडे. ती समजायची, केवढा अदबशीर माणूस. ते चेहरे वाचत होते. छप्पर वाजलं की माणूस वर बघतं. आज समोरचं माणूस झोपलं होतं, आणि त्यांनी त्या झोपेवरून छप्पर गप्प आहे असं धरलं होतं.

तिला राग आला. मग लगेच भीती वाटली, कारण संध्याकाळ फार लांब नव्हती आणि दोनशे दहा गणवेश तिथेच होते. सांगावं तर या माणसाकडे उरलेलं शेवटचं काम आपल्याच तोंडानं काढून घ्यायचं. न सांगावं तर टेलरबाईंचं जायचं. तिनं मधला रस्ता शोधला. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माझी पक्कड वर राहिली. आणते."

बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग कमरेकडे. "पक्कड तुझ्या पट्ट्याला आहे."

होतीच. खोटं बोलायची तिला कधी सवय नव्हती, आणि ज्याची सवय नाही ते आयत्या वेळी जमत नाही. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून छपराकडे बघितलं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"उत्तरेचा कोपरा."

"फडफडते की टकटकते?"

"टकटकते. लाकडावर लाकूड आपटल्यासारखी."

"मग ताडपत्री नाही, पट्टी आहे. शेवटचा स्क्रू वाशाच्या बाजूनं गेलाय. तिथं वासा जरा वाकडा असेल. दोन बोटं आत घे आणि नवा मार."

ती वर गेली. वासा वाकडा होता आणि स्क्रू त्याच्या बाजूनं हवेत गेला होता, अगदी त्यांनी सांगितलं तसा. तिनं तो काढला, दोन बोटं आत नवा मारला, शेजारी आणखी एक मारला. ती खाली उतरून आत आल्यावर बाबांनी दार पुन्हा लावून घेतलं. आपली खुर्ची त्यांनी कोपऱ्याखाली सरकवली होती आणि स्वतः उभे होते.

"बस," ते म्हणाले. "ऐक."

ती बसली. बाबा समोर उभे राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. एक झोत आला आणि गेला. दुसरा. तिसऱ्याला बराच वेळ लागला. तो आला तेव्हा खिडकीची काच थरथरली, दाराची कडी हलली, आणि वरून काही म्हणजे काही आवाज आला नाही. तिनं श्वास सोडला. बाबांनीही सोडला.

कडीच्या आवाजानं टेलरबाई दचकून उठल्या. "झालं? अगं बाई, डोळा लागला माझा. मला काही ऐकूच आलं नाही."

"मलाही आलं नाही," बाबा म्हणाले. "मला दोन वर्षं झाली, नीट ऐकू येत नाही. हिनं ऐकलंय. छप्पर पक्कं आहे."

टेलरबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "म्हणजे मघाशी मी दीड तास घसा कोरडा केला तो?"

"तुम्ही सांगत होतात तेवढं दिसलं. मांजराचं काहीतरी होतं."

"मग मान कशाला डोलावत होतात?"

"मान डोलावली नाही की माणसं ओरडून बोलायला लागतात," बाबा म्हणाले. "ओरडून बोललेलं फार वाईट लागतं."

टेलरबाई हसायला लागल्या. निघताना त्यांनी बाबांच्या समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "मांजर सापडलं. कपाटावर होतं." बाबांनी मान डोलावली, आणि या वेळी ती खरी होती.

गाडीत बसल्यावर तिनं इंजिन सुरू केलं. पुढच्या घरी चार वाजता पोचायचं होतं. "आता घरीही सांगून टाका," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

"हं," बाबा म्हणाले.

तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. इतका वेळ जे तिच्या लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. माळावर दूरवर एकही झाड नव्हतं, वारा गाडीला हळूहळू हलवत होता. ती पुरती त्यांच्याकडे वळून बसली.

"बाबा, मी गाडीत बोलायचे, ते?"

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे. "तू रस्त्याकडे बघून बोलायचीस. त्यात हे इंजिन."

"काहीच नाही कळलं?"

"नाही."

"मग हं का म्हणायचात? 'बरोबर आहे' का म्हणालात?"

"एकदा हं म्हटलं नाही, तर तू बोलायची थांबलीस. आठवडाभर गप्प होतीस. म्हटलं, पोरीला कुणीतरी लागतं. बोलू दे. चुकलं माझं. सांगायला हवं होतं. पण मग मी गाडीत कशाला हवा होतो?"

तिला त्यांचा संताप आला, आणि त्याच वेळी ते इतके आपले वाटले की तिला रडू फुटलं. दीड वर्ष ज्या दोन शब्दांवर ती उभी होती, ते काहीही ऐकून म्हटलेलेच नव्हते. तिनं बाहीनं डोळे पुसले. पुढच्या घराला उशीर होणार होता. होऊ दे म्हणाली मनात, वारा वाढायला अजून तीन तास आहेत.

"माझ्याकडे बघा," ती त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाली, आणि ते बघेपर्यंत थांबली. "माझी आई गेली त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला होता. मी छपरावर होते."

बाबांचे डोळे तिच्या ओठांवर होते. ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द सुटा करून, टेलरबाईंनी मांजराचं सांगितलं तसं. 'येतेस का?' सांगितलं. हातातलं ड्रिल सांगितलं. 'उद्या येते' सांगितलं. मागच्या वेळी तिनं हे दोन वाक्यांत उरकलं होतं. या वेळी दहा मिनिटं लागली. शेवटाला आली तेव्हा बाबांनी हात पुढे करून तिचा खरचटलेला तळहात आपल्या दोन्ही हातांत धरला होता.

या खेपेला ते एकदाही हं म्हणाले नाहीत.