सोबत आलेली बाई

मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र आहे. लोखंडी पेटी, काचेच्या नळीत पारा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघाले ती थेट एका मोफत दवाखान्यात आले. ज्यांच्यापाशी ना विमा, ना डॉक्टरांच्या फीची ऐपत, अशी माणसे तिथे येत. "पारा कुणाची भीड ठेवत नाही," असे आमच्या सिस्टर कौतुकाने सांगत.

तिथे एक नणंद-भावजय येत. दोघी घरी शिवणकाम करायच्या. दुखणे नणंदेचे, भावजय नुसती सोबत. नणंद खुर्चीत बसली की ती दाराजवळच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, मान चोळत राही.

"वहिनी, तुम्हीही बसा की," सिस्टर म्हणायच्या.

"मला काय धाड भरलीय? सुई ओवताना डोकं ठणकतं, तेवढंच. हिला आधी बरं करा, नाहीतर सगळे कपडे मलाच शिवावे लागतील!"

दोघी खळखळून हसायच्या.

एकदा नणंद एकटीच आली. खुर्चीत बसली, पण हात पुढे करेना.

"वहिनी कुठंय?" सिस्टरांनी विचारले.

"गेली. शिवता शिवता मशीनवरच कोसळली. डोक्यात रक्तस्राव झाला. दाब कधीचा वाढलेला असणार, असं डॉक्टर म्हणाले."

सिस्टरांनी तिचा हात पुढे घेऊन पट्टा बांधला.

तेव्हापासून मला चैन नाही. दवाखाना बंद करताना मला गुंडाळत, तेव्हा पट्ट्यात उरलेली हवा सुस्कारा टाकत निघे. वाटे, कुणीतरी आत्ताच दंड काढून घेतला. इतके दंड मी ओळखते. तिचा तेवढा कधी हाती आला नाही, आणि तोच मला सारखा जाणवतो.

पुढे नणंदेने आपल्या भावाला, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याला, ओढून आणले.

"मला काही होत नाही गं," तो कुरकुरला.

"तीही हेच म्हणायची," असे म्हणून तिने स्वतःच त्याची बाही वर सारली. पारा पार वर जाऊन थबकला. त्याच दिवशी त्याला गोळ्या सुरू झाल्या. तो अजून हिंडता-फिरता आहे.

आता नवे यंत्र आले. मी कपाटात काचेमागे असते. तिथून बाक दिसतो. कुणाची आई, कुणाचा नवरा, दुसऱ्याच्या औषधांची पिशवी सांभाळत बसलेले असतात. मित्रांनो, घरातल्या कुणाला तपासायला न्याल, तेव्हा सोबत आलेल्यालाही आत बोलवा. त्याने हसण्यावारी नेले, तर हाताला धरून खुर्चीत बसवा.